सात मिनिटांचं रेकॉर्डिंग

आमच्या गाडीतला सेट-टॉप बॉक्स आमच्या मिस्टरांपेक्षा जास्त विचारी आहे. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे आणि इथेही लिहून ठेवते. त्या बॉक्सने निदान विचारलं तरी. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी चॅनेल बदलायला गेलं की पडद्यावर चौकट येते: रेकॉर्डिंग चालू आहे, थांबवायचं का? खाली हो आणि नाही. पिवळी पट्टी आपोआप 'नाही'वर असते. हो म्हणायचं तर ती मुद्दाम बाजूला सरकवावी लागते. मिस्टरांनी ती सरकवली. म्हणजे घाईत बोट लागलं, चुकून दाबलं गेलं, असलं काही झालं नाही. पट्टी सरकवली आणि ओके दाबलं.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते आणि मी आरोग्य उपकेंद्रात नर्स. दोघंही निवृत्त झालो, पिंपरी पेंढारचं घर आणि शेत मुलाच्या हाती गेलं, तेव्हा मिस्टरांनी ही बस घेतली. सीटा काढल्या, आत पलंग आणि ओटा केला, पाण्याची टाकी, बॅटरी, इन्व्हर्टर बसवला, टपावर सोलरची प्लेट टाकली. आयुष्यभर ज्या गावांत गाडी वळवून माघारी फिरलो तिथं उतरून राहायचंय, असं ते म्हणाले. मला ते फार आवडलं. माणूस इतकं बरं बोलला म्हणून मी हो म्हटलं. पलंगाच्या आधी टीव्ही बसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डिशला आग्नेयेकडचं आभाळ मोकळं लागतं. मधे डोंगर आला, झाड आलं, की पडद्यावर ठिपके. त्यामुळे जुन्नर-आंबेगावातलं कुठलंही गाव आता मिस्टरांना गाव म्हणून दिसत नाही. ते उतरतात ते मोबाइलमधलं होकायंत्र धरूनच. नदीकाठी आंब्याची सावली असली तर नाक मुरडतात, आणि उघड्या माळावर, जिथे दुपारी कुत्रंही बसत नाही, तिथे 'फुल सिग्नल आहे' म्हणून गाडी लावतात. बायको आत भाजून निघाली तरी चालेल.

सिग्नल मिळाला की ते पेनड्राइव्ह भरून घेतात आणि दरीत सिग्नल नसला की काढून बघतात. आपण पापड-कुरडया डब्यात भरून ठेवतो तसं. कीर्तन भरतात, कुस्त्या भरतात, शेतीचे कार्यक्रम, सिनेमे, काही विचारू नका. हवामानाचा अंदाजसुद्धा भरतात. गेल्या सोमवारी काय पाऊस पडणार होता ते ह्या रविवारी बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बरं, हे भरलेलं दुसरीकडे कुठे दिसतही नाही. पेनड्राइव्ह मुलाच्या टीव्हीला लावा, कॉम्प्युटरला लावा, काही उमटत नाही. ज्या बॉक्सवर भरलं त्याच बॉक्सवर दिसणार. आणि जे चॅनेल रेकॉर्ड होत असेल तेच तेवढा वेळ बघायचं. दुसरं लावलं की रेकॉर्डिंग बंद. हे सगळं मिस्टरांनीच मला शिकवलं, वहीत आकृती काढून. म्हणून 'मला ठाऊक नव्हतं' असं त्यांनी मला सांगू नये.

आता मुद्द्याचं. मी एकतीस वर्षं आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरात नोकरी केली. वाड्या-वस्त्यांवर लसी, बाळंतपणं, गोळ्या, वजनं. निवृत्तीनंतर एका चॅनेलवाल्यांना कुठून तरी माझं नाव कळलं. एक मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन आली आणि तिने मला बॅग खांद्याला लावून एकच चढण सहा वेळा चढायला लावली. पहिल्या वेळी मी खरीच दमले होते. पुढच्या पाच वेळा तिला मी तशीच दमलेली हवी होते. शेवटी तिने मला एका दगडावर बसवलं आणि नुसतं बोला म्हणाली. त्या दगडावर बसून मी जे बोलले ते घरी कोणाशी कधी बोलले नव्हते. घरी कोणी विचारलंच नव्हतं.

कोणी म्हणजे आईने. आई कळंबला भावाकडे असते, वय चौऱ्याऐंशी. मी नर्स झाले ते तिला आवडलं नाही. लोकांची घाण काढायला शिकवलं का तुला, असं तेव्हा म्हणाली होती. पुढे डोंगरात पोस्टिंग झालं, मी परक्या लोकांच्या घरात रात्री-बेरात्री जाते हे तिला कळलं, तेव्हापासून तिने तो विषयच बंद केला. तब्येत विचारायची, नातवाची शाळा विचारायची, शेतातला कांदा विचारायची. नोकरीबद्दल एकतीस वर्षांत एक शब्द नाही. मी दिवाळीला जायचे, चार दिवस राहायचे, आणि जणू डोंगरात मी नुसती हवा खायला राहते असं दोघी वागायचो.

कार्यक्रमाचं मी तिला सांगितलं तेव्हा ती चष्मा पुसत होती. म्हणाली, "एवडं काय केलंस गं तितं? बगू दे तरी."

बगू दे तरी. मला माझं कौतुक नव्हतं असं मी म्हणणार नाही, होतं. पण तो अर्धा तास मला हवा होता तो तिच्याशेजारी बसून बघायला, तिच्या तोंडाकडे बघत. बाकी कोणी बघितला नसता तरी चाललं असतं.

भावाच्या केबलला ते चॅनेल येत नाही. म्हणून पहिली तारीख कळली तेव्हा आम्ही गाडीच आईच्या अंगणात नेऊन लावली. टीव्ही दारात मांडला. भावकी जमली, शेजारच्या बायका आल्या, कोणी पोरांना अंघोळ घालून आणली. आणि अर्धा तास आंब्याच्या कलमांचा कार्यक्रम लागला. दुसऱ्या तारखेला तर चॅनेलवर भाषणच चालू होतं. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण पुढे महिनाभर मला 'टीव्हीवाल्या' म्हणत होत्या. तेव्हा मी ठरवलं, आता कोणाला बोलावायचं नाही. आधी रेकॉर्ड करू, मग गाडी घेऊन आईकडे जाऊ.

तिसऱ्यांदा कळलं तेव्हा आम्ही आहुप्याला होतो. पाऊस संपून महिना झाला होता. गाडी देवराईच्या कडेला सावलीत होती आणि सिग्नल नव्हता म्हणून मिस्टरांचं तोंड उतरलेलं होतं. मोबाइलला रेंजही नव्हती. रेंजसाठी वरच्या वळणापर्यंत चालावं लागायचं. दुपारी अडीचला मी तिथे गेले तर चॅनेलच्या त्या मुलीचा सकाळचा मेसेज येऊन पडला: ताई, आज चार वाजता, नक्की. मी तिथूनच भावाला फोन केला. कोणाला सांगायचं नाही हे माझंच ठरलेलं होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, "आज लागतंय. परवा घेऊन येते, आईला सांग."

कळंबला चारच्या आत पोचणं शक्य नव्हतं, आणि चालत्या गाडीत डिश चालत नाही. झाडीत सिग्नल यायचा नाही, आणि त्या देवराईतली वाळकी काटकीही कोणी उचलत नाही, तेव्हा फांदी वाकवण्याची गोष्टच नको. मिस्टरांनी गाडी शाळेसमोरच्या मैदानात काढली. डिशच्या पायांवर दगड रचले, इंच इंच फिरवून सिग्नल धरला. पेनड्राइव्हवर जागा नव्हती तर दोन कुस्त्या पुसून टाकल्या. त्यातली एक त्यांची फार लाडकी होती. मी त्या वेळी त्यांच्यावर खूश होते. हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी कायमच चिडलेली असते.

चारला कार्यक्रम लागला. खरोखर लागला. आणि त्याच वेळी गावातली लाईट गेली.

आमची गाडी बॅटरीवर, त्यामुळे टीव्ही चालूच राहिला. पण पाच मिनिटांच्या आत दारात म्हातारे एक गृहस्थ उभे राहिले, मागे सहा-सात माणसं. ह्या म्हाताऱ्यांचं आधी सांगते. मिस्टर त्या रूटवर बारा वर्षं मुक्कामी गाडी घेऊन जायचे. संध्याकाळी शेवटची एसटी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. अशा माणसांना गाव जेवू घालतं. मिस्टरांना ह्या म्हाताऱ्यांच्या घरून भाकरी यायची. पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन ते स्वतः ताट आणून द्यायचे. हे सगळं मला मान्य आहे. मी त्या घरातली दोन बाळंतपणं केलेली आहेत, तेव्हा मला त्यांचं काही वावडं नाही.

"लाईट गेली राव," ते म्हणाले. "पिच्चर पार रंगात आला व्हता. म्हटलं डायव्हरची गाडी आलीय, बगू."

"या की, बसा," मिस्टर म्हणाले. माणसं पलंगावर बसली, दोघं खाली बसले. मी ओट्यावर चहा ठेवला, आलं ठेचलं. पडद्यावर धरणाचं पाणी वरून दिसत होतं, मग ती मुलगी आली, मग कोणी अधिकारी बोलायला लागले आणि बोलतच राहिले. म्हातारे थोडा वेळ सभ्यपणे बघत बसले.

"हे काय दवाखान्याचं हाय व्हय?"

"हां," मिस्टर म्हणाले. "असंच काईतरी."

असंच काईतरी. घरच्या बाईचं कौतुक आपल्या तोंडाने कसं सांगायचं, म्हणून असंच काईतरी. बायको टीव्हीवर येणार आहे, एवढं वाक्य ह्या माणसाच्या तोंडातून निघालं नाही. तेवढ्यात पडद्यावर मी दिसले. पाठमोरी, बॅग घेऊन, तीच ती चढण. आणि माझा आवाज आला: "मी पहिल्यांदा ह्या डोंगरात आले तेव्हा मला..."

"डायव्हर," म्हातारे म्हणाले, "तेवडा पिच्चर लावता का? शेवटच राह्यलाय."

"लावतो की. तुमचंच घर हाय."

चौकट आली. बॉक्सने विचारलं. मिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी सरकवली.

पुढे तासभर एक मिशीवाला जीपगाड्या हवेत उडवत होता. दाक्षिणात्य सिनेमा, हिंदीत बोलणारा, दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर लागतो. त्या मिशीवाल्याला परवाही बघता आलं असतं, पुढच्या महिन्यातही. मी एकदाच लागणार होते. त्यातही संताप कशाचा, तर अजून अर्धं मिनिट गेलं असतं आणि माझं तोंड दिसलं असतं, तर त्याच म्हाताऱ्यांनी सगळ्यांना गप्प केलं असतं की आरं ही आपली नर्सबाई. त्या माणसांना कोणी काही सांगितलंच नाही. मी दोनदा चहा दिला. जाताना ते म्हणाले, "लई उपकार झाले बाई," आणि मी हसले.

माणसं गेल्यावर मी मिस्टरांना जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "बारा वर्षं अन्न खाल्लंय त्यांचं," ते म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?" म्हणजे ती भाकरी मी फेडायची. मग म्हणाले, मला वाटलं मागे रेकॉर्डिंग चालू राहील. मी वही काढून त्यांचीच आकृती त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा रिमोट पुसत बसले. ते उलट काही बोलले असते तर बरं झालं असतं. भिडस्त माणसाशी भांडताही येत नाही, तो भांडणाचीही भीडच धरतो.

ह्या भिडेला लोक चांगुलपणा म्हणतात. मिस्टर फार चांगले, असं सगळा तालुका म्हणतो. का नाही म्हणणार? ह्यांनी आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नाही, घरचे सोडून. आमच्या बहिणीच्या लग्नात स्वतः शेवटच्या पंगतीला बसले आणि मलाही बसवलं, भात संपलेला होता. कोणी गाडीत जागा मागितली की मी मागे सामानात. मला नाही म्हणायला त्यांना कधी अवघड गेलं नाही, कारण मी घरची. परक्याची भीड आणि घरच्यांचं गृहीत, ह्यालाच जर चांगुलपणा म्हणायचं असेल तर तो तालुक्याने आपल्याकडे ठेवून घ्यावा.

चॅनेलच्या त्या मुलीला मी फोन केले. परत लागेल का? वर विचारते ताई. मोबाइलवर टाकणार आहात का? टाकणार आहोत ताई. तिसऱ्या फोनला ती म्हणाली की आज तिचा तिथला शेवटचा दिवस आहे. तिच्या जागी जो आला त्याच्याकडे तिने फोन दिला, पण त्याला मी कोण हेच समजावता आलं नाही. तिने चढायला लावलेल्या सहा चढणी मला तेव्हा आठवल्या आणि पाय खरोखर दुखले.

परवा म्हणजे परवा, आम्ही कळंबला गेलो. जाऊ नये असं मला वाटत होतं, पण आईला निरोप गेलेला होता. ती नवं पातळ नेसून ओट्यावर बसली होती. भाऊ-भावजय शेतात होते. गाडीच्या पायरीखाली स्टूल ठेवून मी आणि मिस्टरांनी तिला वर घेतलं. आमच्या गाडीत ती पहिल्यांदाच आत आली. पलंगावर हात फिरवला, गादी चांगली आहे म्हणाली आणि टीव्हीच्या अगदी जवळ सरकून बसली.

मी लावलं. धरण, मुलगी, अधिकारी. आईने अधिकाऱ्यांचंही सगळं मन लावून ऐकलं. मग चढण आली. "ही तूच," ती म्हणाली. पाठमोरी ओळखलं तिने. माझा आवाज आला तशी ती पुढे वाकली, आणि पडदा निळा झाला.

"संपलं?"

मी सगळं सांगितलं. लाईट, म्हातारे, पिच्चर, पट्टी. मिस्टर दारात उभे होते, त्यांच्यादेखतच सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. आईने जावयाकडे एकदा पाहिलं आणि परत माझ्याकडे वळली.

"आन् फुडं काय व्हतं? तू काय बोलली व्हतीस?"

तेव्हा मी तिला ते सांगितलं. सुरुवातीच्या वर्षातलं. एका वाडीवर बाई दोन दिवस अडलेली, आणि सासरा दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा, की आमच्यात बाईला दवाखान्यात नेत नाहीत. मी चोवीस वर्षांची. मी त्याचा हात धरून चौकटीवरून काढला, त्याला बाजूला केलं आणि चौघांना झोळी धरायला लावून बाईला खाली आणलं. बाई आणि बाळ दोघंही वाचली.

आई ऐकत होती. एकतीस वर्षांत ती माझ्याकडे अशी बघत ऐकते आहे असं मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "त्याचा हात काडलास तू?"

"हो."

"आन् परवा जावायांनी बटान दाबलं तवा तू कुटं व्हतीस?"

"तिथंच. चहा गाळत होते."

"किती लांब?"

आमच्या गाडीत लांब असं काही नाहीच. ओट्यापासून मिस्टर एका हातावर होते. मी ओट्याकडे पाहिलं तशी तिला कळलं.

"मग तुला रिमोट घेता आला न्हाई व्हय गं?"

मिस्टर माझी बाजू घ्यायला पुढे झाले, मी त्यांना हातानेच थांबवलं. मला त्या क्षणी आईचा इतका राग आला की बोलले असते तर वाईट बोलले असते. मी दोन दिवस भांडले, तीन फोन केले, सगळ्यांची चूक शोधली. आणि पट्टी सरकवण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी कप पुसत खाली बघत होते, कारण आलेल्या माणसांसमोर टीव्हीवर मी आहे हे मला सांगवेना.

"लाव परत," आई म्हणाली. "तू बोलतीस तितपर्यंत लाव."

मी लावलं. संपलं तशी म्हणाली, परत लाव. चार वेळा लावलं. चारही वेळा मी "मला" म्हणाले आणि पडदा निळा झाला. आई दर वेळी पुढे वाकायची, ह्या खेपेला तरी मी पुढचं बोलेन अशी.